ग्राफिक्स कार्ड ८६ अंशांवर: पेस्टची ट्यूब उघडण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ सगळ्यात वरच्या मजल्यावरचा फ्लॅट. २०२० साली घेतलेलं जीटीएक्स १६६० सुपर हे ग्राफिक्स कार्ड, दोन पंख्यांचं. कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलच्या खालच्या कप्प्यात. मे महिन्यात गेम सुरू करून वीस मिनिटं झाली की तापमान ८६ अंश, पंखे मिक्सरसारखे ओरडतात आणि फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) ११० वरून सत्तरच्या घरात येतात. दुकानात सांगितलं, 'पेस्ट बदला, नाहीतर नवीन कार्ड घ्या.' नेमकं काय करावं?

पेस्ट, म्हणजे चिप आणि हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) यांच्यामधला लेप, बदलायची वेळ कदाचित येईलही, पण ते काम रांगेत शेवटचं आहे. चिपमधली उष्णता पेस्टमधून हीटसिंकमध्ये जाते, हीटसिंकच्या पातळ पट्ट्यांवरून पंख्याच्या वाऱ्यात, तो वारा कॅबिनेटमध्ये, कॅबिनेटमधून कप्प्यात आणि कप्प्यातून खोलीत. यातली कुठलीही एक वाट तुंबली तरी स्क्रीनवर आकडा तोच दिसतो, ८६. म्हणून कुठे तुंबलंय ते आधी शोधायचं. पेस्ट सोडली तर बाकी सगळं कार्डाचा एकही स्क्रू न काढता तपासता येतं.

सुरुवात खोलीपासून. भिंतीवरचा साधा थर्मामीटर आणा आणि टेबलाजवळ ठेवा. कार्डाचं तापमान एकटं बघून काहीच कळत नाही, खोलीपेक्षा ते किती वर आहे ते बघावं लागतं. १६६० सुपर पूर्ण भाराखाली १२५ वॅट घेतं, आणि धडधाकट दोन पंख्यांचं कार्ड खोलीच्या तापमानापेक्षा साधारण ४० ते ४५ अंश वर राहतं. जानेवारीत तुमची खोली २० अंशांवर असते तेव्हा हेच कार्ड ६०-६५ दाखवतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. मेमध्ये वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापलेला असतो, रात्री दहालाही खोली ३५-३६ वर असते. म्हणजे ७८-८० पर्यंतचा आकडा हा आजार नाही, तो नाशिकचा उन्हाळा आहे. तुमचं ८६ मात्र पंखे पूर्ण वेगात ओरडत असताना येतंय. तेवढ्या वाऱ्यात फरक ४० च्या खाली यायला हवा होता, तो पन्नासावर आहे. तेव्हा खोट नक्की आहे.

मोजण्यासाठी एचडब्ल्यूइन्फो आणि जीपीयू-झेड हे दोन फुकट प्रोग्रॅम पुरतात. भार द्यायला युनिजिन हेवन ही ग्राफिक्सची चाचणी १५ मिनिटं चालवा, दर वेळी त्याच सेटिंगवर, म्हणजे आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलना करता येईल. फरमार्क नावाची दुसरी चाचणी नको. ते कार्डावर कुठलाही गेम टाकत नाही इतका भार टाकतं, आणि आधीच धापा टाकणाऱ्या कार्डाला पळवून नवीन काही समजत नाही. वहीत चार आकडे लिहा: खोलीचं तापमान, 'जीपीयू टेंपरेचर' (चिपचं तापमान), 'जीपीयू हॉट स्पॉट' (चिपवरची सगळ्यात तापलेली जागा) आणि पंख्याचे फेरे. जीपीयू-झेडमध्ये 'पर्फकॅप रीझन' नावाची ओळ असते. फ्रेम पडतात त्या क्षणी तिथे 'थर्मल' दिसलं तर कार्ड उष्णतेमुळेच वेग कमी करतंय. एनव्हिडियाने या कार्डाची कमाल मर्यादा ८८ अंश दिली आहे आणि बरीच कार्डं ८३ च्या आसपासच आखडायला लागतात. तिथे दुसरंच काही दिसलं तर प्रोसेसरचं तापमानही बघा. तुंबलेला कप्पा दोघांनाही सारखाच छळतो, आणि फ्रेम पडण्याचं खापर बऱ्याचदा उगाच कार्डावर फुटतं.

आता सगळ्यात कामाची परीक्षा, तिला एक रुपयाही लागत नाही. कॅबिनेट कप्प्यातून बाहेर काढून टेबलावर ठेवा, डाव्या बाजूचं झाकण काढा आणि तीच १५ मिनिटं पुन्हा चालवा. तापमान आठ-दहा अंशांनी उतरलं तर कार्ड निर्दोष आहे, त्याला ताजी हवा मिळत नव्हती इतकंच. जेमतेम एक-दोन अंश उतरलं तर दोष कार्डाच्या स्वतःच्या कूलरमध्ये आहे: धूळ, पंखा किंवा पेस्ट. मधला आकडा आला तर दोन्हीत थोडं थोडं आहे, आणि तुमच्या वर्णनावरून मला तेच वाटतं.

कप्प्याबद्दल स्पष्टच लिहितो. कार्डाचे १२५ वॅट, त्यात प्रोसेसर आणि एसएमपीएसचे (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचे) धरले तर दोनशेच्या वर जातात. जुने शंभर वॅटचे पिवळे बल्ब आठवत असतील, तसे दोन बल्ब लाकडी कपाटात पेटते ठेवून दार लावल्यासारखं आहे हे. मागे पाठीला प्लायवूड असेल तर बाहेर पडलेली गरम हवा फिरून पुढून पुन्हा आत येते. कॅबिनेट उघड्यावर ठेवा, भिंतीपासून १०-१५ सेंटीमीटर सोडून. थेट फरशीवर नको, झाडूची सगळी धूळ तळाच्या जाळीतून आत जाते. खाली छोटा पाट किंवा स्टँड पुरतो. कप्प्यातच ठेवायचं असेल तर मागचं प्लायवूड सुताराकडून पूर्ण कापून घ्या. वायरीपुरतं गोल भोक पाडून उपयोग होत नाही.

कॅबिनेटचे पंखे कुठल्या दिशेने वारा टाकतात तेही बघा. पंख्याच्या चौकटीत ज्या बाजूला आडव्या दांड्या असतात त्या बाजूने हवा बाहेर पडते. पुढचे आत ओढणारे आणि मागचा बाहेर टाकणारा, एवढं असलं की घरच्या पीसीला पुरे. खात्री करायला पेटती उदबत्ती जाळीसमोर धरा, धूर कुठे जातो ते लगेच दिसतं. (उदबत्ती फक्त परीक्षेपुरती. देवघर कॉम्प्युटरच्या शेजारी असेल तर दोघांपैकी एकाची जागा बदला. धुराचा चिकट थर पट्ट्यांवर बसला की धूळ त्याला गोंदासारखी धरते, आणि स्वयंपाकघरातल्या फोडणीची वाफही तेच करते.) पुढे सलग काच असलेल्या दिखाऊ कॅबिनेटमध्ये हवा फक्त कडेच्या फटींतून येते. पुढचं पॅनेल काढून परीक्षा घ्या. पाच अंशांचा फरक पडला तर ती काच शोभेचीच आहे. पुढे पंखा नसेल तर १२० मिलिमीटरचा एक साधा पंखा पाचेकशे रुपयांत येतो. कार्डाच्या उंचीवर, खालच्या जागी लावा.

खोलीत कूलर लावत असाल तर एक सूचना. मेमधल्या कोरड्या हवेत पाण्याचा कूलर खोली चांगली उतरवतो, खिडकी उघडी असेल तर आणखीच. पण त्याचा झोत थेट कॅबिनेटवर नको. तुषार उडतात, आणि ओलसर धूळ पट्ट्यांत घट्ट बसते.

आता कार्ड. पीसी बंद करा, प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. आठ पिनचा केबल खिट्टी दाबून काढा, मागचे स्क्रू काढा, स्लॉटच्या टोकाची छोटी कळ दाबा आणि कार्ड सरळ वर घ्या. ती कळ विसरून ओढाओढ केली तर स्लॉट तुटतो आणि मदरबोर्ड गळ्यात पडतो.

कार्ड उलटं करून टॉर्च मारा आणि पंख्यांच्या पात्यांमधून आत बघा. धूळ पात्यांवर दिसते तेवढीच नसते. खरी धूळ पंख्याखाली, पट्ट्यांच्या वरच्या कडेवर असते. चार वर्षं न उघडलेल्या कार्डात तिथे राखाडी नमद्यासारखा थर जमतो, चिमटीत धरून ओढला तर चादरीसारखा एकसंध निघतो. हवा त्या थरावर आपटून बाजूने निसटते आणि खालच्या पट्ट्या तापत राहतात. पंखे ओरडतात पण तापमान हलत नाही, याचं सगळ्यात नेहमीचं कारण हे. तुमच्या भागातली बांधकामं, आणि आता सिंहस्थासाठी निघालेली रस्त्यांची कामं लक्षात घेता हा थर तुमच्याकडे असणारच.

बाहेरून ब्लोअर मारून वरची धूळ उडते, नमदा हलत नाही. त्यासाठी पंख्यांचं प्लॅस्टिकचं आवरण काढावं लागतं. बऱ्याच कार्डांत ते कडेच्या चार-सहा छोट्या स्क्रूंनी वेगळं निघतं, हीटसिंक चिपवरून न हलवता. काहींत हे स्क्रू हीटसिंकच्या मागे दडलेले असतात, मग सगळंच उघडावं लागतं. आवरण झटकन वर उचलू नका, खाली पंख्याच्या बारीक वायरी बोर्डात घुसवलेल्या असतात. त्या खटक्याला नखाने धरून काढा, वायर ओढून नाही. मग नमदा चिमट्याने काढा, एक इंची रंगाचा नवा कोरडा ब्रश पट्ट्यांच्या दिशेने फिरवा आणि शेवटी ब्लोअर. ब्लोअर मारताना प्रत्येक पंखा बोटाने धरून ठेवा. वाऱ्याने तो त्याच्या नेहमीच्या वेगाच्या कितीतरी पट फिरतो, बेअरिंग खराब होतं आणि पंखा उलटी वीज तयार करून बोर्डात ढकलू शकतो. टू-व्हीलरच्या गॅरेजमधला कॉम्प्रेसर मोफत मिळाला तरी नको. टाकीत साचलेलं पाणी आणि तेल नळीतून येतं, दाबाने पातं मोडतं ते वेगळंच.

पंखे बोटाने फिरवून बघा. चांगला पंखा टिचकीनंतर दोन-तीन सेकंद तरी फिरत राहतो. लगेच थांबला, किंवा बोटाला खरखर लागली, तर बेअरिंग सुकलंय. इथे एक फसगत होते. कित्येक दोन पंख्यांच्या कार्डांत फेऱ्यांचा आकडा एकाच पंख्याचा येतो. दुसरा मेलेला असला तरी स्क्रीनवर सगळं आलबेल दिसतं, म्हणून भाराखाली टॉर्च मारून दोन्ही फिरतायत का ते डोळ्यांनी बघा. उलट, काही कार्डांत साधारण पन्नासच्या खाली पंखे मुद्दाम बंद राहतात. डेस्कटॉपवर नुसतं बसलेलं असताना ते थांबलेले दिसले म्हणून घाबरू नका.

सुकलेल्या पंख्याच्या मागचं स्टिकर अर्धं उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब टूथपिकने आसावर सोडला तर तो काही आठवडे, नशीब असेल तर काही महिने चालतो. खोबरेल कधीच नाही. ते २४ अंशांच्या आसपास थिजतं, आणि नाशिकच्या थंडीत पंखा सकाळी उठायलाच तयार होणार नाही. कायमचा उपाय म्हणजे पंख्यांची नवी जोडी. ऑर्डर देताना कार्डाच्या नावावर जाऊ नका. पंख्याच्या मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर, पात्यांचा व्यास, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर आणि खटक्यातल्या पिनांची संख्या, हे चारही जुळले पाहिजेत. जुळणारा मिळाला नाही तर आवरण काढून टाकून ९२ मिलिमीटरचे दोन साधे पंखे केबल टायने हीटसिंकवर बांधायचे आणि मदरबोर्डच्या पंख्याच्या पिनांना जोडायचे. दिसायला ओबडधोबड, पण कित्येकदा कंपनीच्या पंख्यांपेक्षा थंड आणि शांत. फक्त मग त्यांचा वेग कार्डाचं तापमान बघून बदलत नाही, तो बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) कायमचा ठरवून द्यावा लागतो.

एवढं झाल्यावर पुन्हा १५ मिनिटं चालवा आणि आता 'हॉट स्पॉट'कडे बघा. चिपचं तापमान आणि हॉट स्पॉट यांत १०-१५ अंशांचा फरक असतोच. तो २५ च्या पुढे गेला असेल तर चिपवर कुठेतरी पेस्ट उरलेली नाही. ग्राफिक्स कार्डाची चिप उघडी असते, वर धातूची टोपी नसते. प्रत्येक गेममध्ये ती तापून किंचित फुगते, बंद केल्यावर आक्रसते, आणि या हजार वेळच्या दाबसोडीत पातळ पेस्ट मधून कडेला ढकलली जाते. म्हणजे पेस्ट नुसती वाळत नाही, ती जागा सोडते. फरक बारा-पंधराच असेल तर पेस्टला हात लावू नका. चांगली बसलेली पेस्ट काढून नवीन लावण्यात एखादा अंश मिळतो आणि जोखीम पूर्ण असते.

बदलायचीच असेल तर सामान: ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल (एम. जी. रोडवर मोबाईल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा), लिंट न सुटणारं कापड किंवा कॉफी फिल्टर, बारीक फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर आणि पेस्ट. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा दवाखान्यातलं स्पिरिट नको. आर्क्टिक एमएक्स-६ किंवा नॉक्टुआ एनटी-एच१ चालेल. उघड्या चिपसाठी सगळ्यात टिकाऊ म्हणजे हनीवेलचं पीटीएम७९५० हे पॅड. ते ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन पसरतं आणि कडेला पळत नाही. दुरुस्तीच्या दुकानात पुडीत मिळणारी पांढरी पेस्ट ट्रान्झिस्टरसाठी ठीक आहे, इथे ती काही महिन्यांत पुन्हा तेच दुखणं आणेल. लिक्विड मेटलचा, म्हणजे पेस्टऐवजी लावतात त्या पातळ धातूचा, मोह टाळा. त्यातलं गॅलियम अ‍ॅल्युमिनियम खातं आणि एक थेंब बोर्डावर सांडला तर शॉर्ट होतो.

उघडण्याआधी पाच-दहा मिनिटं गेम चालवा, कोमट पेस्ट लवकर सुटते. मागच्या बाजूला चिपभोवती स्प्रिंगचे चार स्क्रू असतात. एकदम एक सोडू नका, समोरासमोरचे थोडे थोडे ढिले करा. कागदावर कार्डाचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावा, कारण लांबी वेगवेगळी असते. हीटसिंक ओढू किंवा पाचर घालून उचकटू नका. डावी-उजवीकडे किंचित पिळा, तो सुटतो.

आता घाई नको, पॅड बघा. या कार्डावर मेमरीच्या सहा चिप आहेत, त्यांच्यावर आणि व्होल्टेजच्या भागांवर राखाडी किंवा निळसर पॅड असतात. आजूबाजूला तेलकट डाग दिसले तर ते पॅडमधलं सिलिकॉनचं तेल आहे, कपॅसिटर फुटलेला नाही. पॅड अख्खे असतील तर जागेवर राहू द्या. फाटले असतील तर जाडी मोजून तेवढ्याच जाडीचे आणा: अर्धा, एक, दीड किंवा दोन मिलिमीटर. जाडी मोजताना दबलेला मधला भाग धरू नका, पॅडची न दबलेली कड धरा. घरी पेस्ट बदलल्यावर तापमान वाढलं अशी तक्रार येते तिचं कारण बहुतेक वेळा इथे असतं. अर्धा मिलिमीटर जाड पॅड लावला की हीटसिंक मेमरीवर टेकतो आणि चिपपासून उचलला जातो. पातळ लावला तर चिप थंड राहते आणि मेमरी जळत राहते, तेही नकळत, कारण या कार्डात मेमरीचं तापमान दाखवणारा सेन्सरच दिसत नाही.

जुनी पेस्ट पुसा, चिप आरशासारखी दिसेपर्यंत. नवीन पेस्ट प्रोसेसरवर ठेवतात तसा मध्ये ठिपका ठेवून भागत नाही. इथे चारही कोपरे झाकले गेले पाहिजेत, म्हणून छोट्या चमच्याने किंवा जुन्या प्लॅस्टिक कार्डाने पूर्ण पृष्ठभागावर पातळ थर द्या, पोळीला तूप लावतो तितपत. ही चिप २८४ चौरस मिलिमीटरची आहे, मटाराच्या दाण्याएवढी पेस्ट भरपूर झाली. हीटसिंक सरळ ठेवून चारही स्क्रू फुलीच्या क्रमाने, प्रत्येक वेळी दोन-दोन फेरे असे आवळा. खात्री नसेल तर एकदा उघडून ठसा बघा. एका कोपऱ्यात पेस्ट दाबलीच गेली नसेल तर पॅड किंवा स्क्रूचा क्रम चुकलाय. पंख्यांचे खटके परत लावले का, हे कार्ड बसवण्याआधी तपासा. सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट हीच.

नव्याने मोजताना हॉट स्पॉटचा फरक १५ च्या आत आला की काम झालं. आधीपेक्षा वाढला तर ट्यूब बदलू नका, स्क्रू ढिले करून पुन्हा फुलीने आवळा.

उरलेली उष्णता मुळातच कमी तयार व्हावी यासाठी दोन उपाय आहेत आणि दोन्ही फुकट. तुमचा मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर ११० फ्रेममधल्या ५० तुम्हाला दिसतच नाहीत, तरी त्या काढायला कार्ड राबतं. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये 'मॅक्स फ्रेम रेट' ६० करा. काही गेममध्ये एवढ्यानेच दहा-पंधरा अंश उतरतात.

दुसरा, व्होल्टेज कमी करणं. एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की आलेख उघडतो, आडवा मिलिव्होल्टचा, उभा मेगाहर्ट्झचा. कोअर क्लॉक उणे २०० करून आलेख खाली आणा, मग ८७५ मिलिव्होल्टचा ठिपका १८०० मेगाहर्ट्झवर उचला आणि बरोबरची खूण दाबा. पुढचा आलेख सपाट होतो. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात खर्च होते, त्यामुळे १०५० वरून ८७५ वर आलात तर त्याच वेगाला साधारण ३० टक्के कमी. दोन तास गेम खेळून बघा. मध्येच बंद पडला तर १५-३० मेगाहर्ट्झ कमी करा, किंवा ९०० मिलिव्होल्ट द्या. स्थिर झाल्याशिवाय 'विंडोजबरोबर सुरू करा' हे बटण दाबू नका, नाहीतर दर वेळी सुरू होतानाच अडकेल. एवढा खटाटोप नको असेल तर 'पॉवर लिमिट' ७५ टक्क्यांवर ओढा. वेग थोडा जातो, पण १२५ वॅटचे ९४ होतात.

स्क्रीनवर रंगीत चौकोन किंवा रेघा दिसत असतील आणि तापमान ७० च्या खाली असेल, तर वरचं काहीही लागू होत नाही. तो मेमरीचा किंवा चिपच्या सोल्डरच्या टाक्यांचा दोष आहे. असं कार्ड ओव्हनमध्ये भाजण्याचे व्हिडिओ सापडतील. ते करू नका, चाललं तरी थोड्या दिवसांचा खेळ असतो आणि ज्या ओव्हनमध्ये प्लॅस्टिक आणि फ्लक्स (सोल्डरिंगचं रसायन) तापवलं त्यात पुन्हा नानकटाई भाजता येत नाही. आणि तापमान ठीक असताना पीसी एकदम बंद होऊन आपोआप सुरू होत असेल, तर आधी एसएमपीएस बदलून बघा. या कार्डासाठी ४५० वॅटचा चांगला एसएमपीएस सांगितलेला आहे, कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्यावर फक्त आकडा तेवढा लिहिलेला असतो.